चन्नम्मा याच घरात राहील

मी, मुक्ताबाई भ्र. उत्तरेश्वर काशीद, वय अंदाजे चौसष्ट, धंदा दुभती जनावरे, राहणार परंडा, जिल्हा उस्मानाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. मी बोलले, वकीलसाहेबांनी लिहिले. मध्येच ते म्हणाले, "बाई, एवढं सांगायची कायद्याला गरज नाही." मी म्हणाले, "कायद्याला नसंल. मला हाय."

१. मला मूलबाळ नाही. त्याच कारणावरून पतीने दुसरी केली आणि मला भावाच्या दारात आणून सोडले. त्यांच्या मिळकतीतले मला काही मिळाले नाही, मी मागितलेही नाही. आता ते वारले. मी न लिहिता गेले तर माझे घर त्यांच्या दुसऱ्या बायकोच्या मुलांकडे जाईल, असे वकीलसाहेब सांगतात. ती मुले गेल्या दिवाळीत "मोठी आई" म्हणत आली. पाया पडताना नजर आढ्याकडे होती. थोरला बलभीम चन्नम्माकडे बोट करून म्हणाला, "तुमच्या माघारी ह्या कुठं जाणार?" त्याला उत्तर म्हणून हे लिहिते आहे.

२. चन्नम्मा भ्र. वीरप्पा बिराजदार ही अक्कलकोटकडची विधवा. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर आमची गाठ पडली. खडी फोडून माझ्या तळहातांची सालटी निघाली, तेव्हा तिने आपल्या लुगड्याचा काठ फाडून बांधला आणि म्हणाली, "रडू नगं. रडायला पाणी लागतंय, ते हितं कुठाय?" मी भर उन्हात हसले. भावाच्या घरी राबताना कधी हसल्याचे मला आठवत नाही. काम संपल्यावर ती सासरी गेली नाही आणि मी भावाकडे गेले नाही.

माझ्या पाटल्या मोडून जागा घेतली. भिंती दोघींनी रचल्या. म्हशी पाळल्या, दूध सोसायटीला घातले. तिथे चेअरमन आबाराव भर बैठकीत म्हणाले, "एका घरात एकच सभासद. आणि ह्या दोघी एकमेकींच्या कोण?" लोक हसले. मी घाबरून म्हणाले, "बहिणी." तेव्हापासून रेशनकार्डावर, बाजारात, देवळात आम्ही बहिणीच. कोणाला ते खरे वाटले नाही. शेजारणींनी आमच्या घरचे ताकसुद्धा घेणे सोडले. हापशावर आमची घागर बाजूला सरकवली जाई. एकटी भिमाबाई आपली घागर आमच्या घागरीशेजारी आणून ठेवी. म्हणायची, "बाजूला सारणं काय आसतं, ते आमच्या आयांनी लई बघितलंय."

आबारावांस माझ्यातर्फे काही नाही. मयतीला आले तर चहा द्यावा.

३. गेल्या उन्हाळ्यात चन्नम्माच्या पोटाचे ऑपरेशन ठरले. दवाखान्यात विचारले, "पेशंटचं कोण?" मी बहीण म्हणाले. बापाचे नाव विचारले, तिथे अडखळले. "रक्ताचं माणूस आणा," म्हणून मला बाहेर काढले. तिचा दीर धोंडप्पा अक्कलकोटहून येऊन सही करीपर्यंत ती आत कण्हत होती आणि मी आवारातल्या लिंबाखाली बसून होते. ऑपरेशन पार पडल्यावर धोंडप्पा म्हणाला, "आता तुमी जावा. आमचं माणूस आमी नेतो." आणि नेले.

नवऱ्याने सोडले तेव्हा माझ्याजवळ बसायला चार बाया आल्या होत्या. या खेपेला कोणी आले नाही, कारण या वयात माझे काही गेले आहे हेच कोणाला मान्य नव्हते. मी म्हशी विकायला काढल्या.

मग एका दुपारी कुर्डुवाडीच्या गाडीतून उतरून, पोट हाताने धरून, चन्नम्मा चालत दारात आली. "दिराला म्हणले, बाजारला जाऊन येते," एवढेच सांगितले. गोठ्यात डोकावली आणि ओरडली, "काळीची धार कुणी काढली गं? थानं बघ कशी झाल्यात!" मी उंबऱ्यावर मटकन बसले. जीव भांड्यात पडणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले.

४. म्हणून माझे राहते घर, पुढचे अंगण, गोठा, म्हशी, भांडीकुंडी व सोसायटीतले माझे शेअर हे सर्व माझ्या पश्चात एकट्या चन्नम्माचे. या घरात पतीचा किंवा भावाचा छदामही नाही. भाऊ, पुतणे वा सावत्र मुले यांनी हक्क सांगू नये. तिच्यानंतर काय करायचे ते ती ठरवील.

माझे जाते मात्र भावजय मथुराबाई हिला द्यावे. तिच्या घरचे दळण मी वर्षानुवर्षे दळले. आता तिने एकदा ओढून बघावे.

५. माझ्या चितेला अग्नी चन्नम्माने द्यावा. ती बाई आहे, परजातीची आहे, रक्ताची नाही, या हरकती मला ठाऊक आहेत. त्या मी आयुष्यभर ऐकल्या, सरणावर ऐकणार नाही. तिच्याकडे पुरतात, आमच्याकडे जाळतात. मेल्यावर तेवढा दुरावा चालेल.

६. वकीलसाहेबांनी विचारले, "ह्या आपल्या कोण, ते लिहावं लागेल." माझ्या तोंडात जुनेच उत्तर आले होते. तेवढ्यात बाकावरून चन्नम्मा म्हणाली, "बहीण नगं सांगू. लई वर्सं झाली."

मी म्हणाले, "लिहा, हिच्यासंगं मी संसार केला."

वकीलसाहेबांचे पेन थांबले. त्यांनी साक्षीला आलेल्या भिमाबाईकडे पाहिले. ती म्हणाली, "आमाला ठावं हाय. लिवा तुमी."

तरी लिहून ठेवते की, चन्नम्मा ही माझी संसाराची जोडीदार आहे. हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. कोणी हसले नाही. सरपणाचा भारा उतरवून मान मोकळी करावी, तसे मला झाले.

चन्नम्माला साक्ष घालायची होती. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब म्हणाले. "मग माझं काय काम हितं? धारेची येळ झाली," म्हणून ती घरी निघाली आहे. मी सही करते आणि तिच्या मागे जाते.

लिहून देणार : मुक्ताबाई भ्र. उत्तरेश्वर काशीद (सही, प्रौढ वर्गात शिकलेली)

साक्षीदार :
भिमाबाई भ्र. सिदू, शेजारीण (अंगठा)
मच्छिंद्र, दूध सोसायटीचे मापाडी (सही)

ठिकाण परंडा, मंगळवार, ता. ६ मार्च १९८४