'एक वाचक' कोण?

३ मार्च

...काल सकाळचंच. दूध तापवलं, ओटा पुसला, ह्यांच्या खुर्चीवरची धूळ झटकली — जाऊन दोन वर्षं झाली, खुर्ची अजून त्यांचीच — आणि पक्षाच्या साप्ताहिकाची मुद्रितं तपासायला बसले. पहिल्याच पानावर मथळा: 'शत्रूचा हस्तक उघडा पडला!' वाचत गेले, चुका सुधारत गेले. तिसऱ्या परिच्छेदात कळलं, हस्तक म्हणजे मी!

मागच्या महिन्यात साप्ताहिकालाच टपालाने एक पत्र पाठवलं होतं, डाव्या हाताने लिहून. खाली 'एक वाचक'. विचारलं होतं — फुटून गेलेल्या सख्ख्या माणसाच्या घरी जेवायला गेलं, तर क्रांती किती वर्षं लांबते?

एवढंच.

४ मार्च

पक्ष फुटून चौदा महिने झाले. आपले म्हणतात व्यवस्था 'मरणासन्न' आहे, ते म्हणतात 'मरणोन्मुख'. मी कोश काढून पाहिला. मग मुकाट्याने मिटून ठेवला.

वन्सं त्यांच्याकडे गेल्या. राहतात मागच्याच गल्लीत, पण ठराव झालाय — फुटीरांशी बोलायचं नाही. ह्यांना लहानपणापासून ओळखणारं तेवढंच माणूस उरलंय. वन्सं बोलायला लागल्या की हे दहा वर्षांचे होतात, झाडावरून पडतात, खोटं बोलून मार खातात. चौदा महिने हे एकदाही झाडावरून पडले नाहीत.

१० मार्च

दुसरा लेख. आता 'एक वाचक' परदेशात शिकलेला प्राध्यापक आहे. पगार गलेलठ्ठ. मी चौथी पास! पुढचं सगळं वाचनालयातलं.

संपादक मुद्रितं न्यायला आले. ह्यांचे जुने मित्र. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, भाषा बघा त्याची! साधेपणाचा आव. फार मुरलेला माणूस आहे."

"असेल हो," म्हटलं. कान गरम झाले. माझ्या लिहिण्याचं इतकं कौतुक ह्यांनीही कधी केलं नव्हतं.

१३ मार्च

गंमत संपली. संशय मास्तरांवर आलाय. पुरावा काय, तर पत्र वाचून ते हसले! रविवारच्या बैठकीत त्यांना काढणार. मास्तरांना ना बायको, ना पोर. तीस वर्षं पक्षाचं कार्यालय हेच घर. आज जिन्यात भेटले. "वहिनी, मला साधं खोकता येत नाही तिथे. सगळे वळून बघतात."

माझ्यामुळे.

१६ मार्च, रविवार

उभी राहिले. म्हटलं, "पत्र मी लिहिलंय."

संपादक अगदी मायेने, "बसा वहिनी. मास्तरांना वाचवायचा तुमचा मोठेपणा कळतो आम्हाला."

कच्चा खर्डा काढून टेबलावर ठेवला. माझं अक्षर सगळ्यांना ठाऊक. तर मागून आवाज — "मास्तरांनी सांगितलं, वहिनींनी उतरवून घेतलं! किती कावेबाज!"

म्हणजे मी गुन्हेगार व्हायच्याही लायकीची नाही!

तेवढ्यात मास्तर उठले. वाटलं, आता हे ओरडून नाही म्हणतील. पण दोन अंकांत छापून आलं होतं ना — धूर्त, मुरलेला, गाढ व्यासंगाचा. तीस वर्षांत कोणी त्यांच्याबद्दल एक ओळ छापली नव्हती. म्हणाले, "होय. मीच तो."

आणि वर सांगितलं की पहिला खर्डा याहून धारदार होता! मेल्या!

पुढे तासभर आत्मटीका. काय रंगले! चूक कबूल केली म्हणून त्यांना ठेवून घेतलं, शिवाय साप्ताहिकात सदर लिहायला दिलं. मला समज — वहिनी भोळ्या आहेत, त्यांचा कोणीही वापर करून घेईल, यापुढे मुद्रितं दुसऱ्याकडे जातील.

निघताना संपादकांना विचारलं, "पण त्या प्रश्नाचं उत्तर काय?"

"कुठल्या प्रश्नाचं?"

दोन लेख, एक बैठक, एक ठराव. प्रश्न कोणी वाचलाच नव्हता.

१८ मार्च

काल वन्संकडे जेवायला गेले. हे इथूनच लिहितेय.