नारिंगी वटवाघूळ

२ ऑक्टोबर

शी! दुकानात टांगलेले हॅलोविनचे पोशाख बघून आलो. अजून नाकातून तो वास जात नाही. एका साच्यातल्या राजकन्या, एका साच्यातले सांगाडे, सगळ्यांना रॉकेलचा दर्प. मुखवट्याला डोळ्यांच्या जागी दोन चिरा. त्यातून पोराला काय दिसणार, स्वतःचं नाक? असलं काहीतरी घालून मुलांना अंधारात रस्त्यावर सोडायचं आणि वर त्याला सण म्हणायचं.

गेल्या वर्षीच्या प्रकाराचं मूळ हेच, हे मी तेव्हापासून सांगतोय. निळी राजकन्या घेऊन निघालो, निळी राजकन्या घेऊन परत आलो. ती दुसऱ्या कुणाची निघाली यात माझा काय दोष? बयेने टेबलाशी बसून दोन वाट्या चिली, म्हणजे आमच्याकडचं खिमा-राजम्याचं कालवण, आणि एक दालचिनी रोल संपवला आणि मग मुखवटा काढला. तोवर एक शब्द बोलायला नको? आणि माझी नात विनी काही ‘हरवली’ नव्हती. ती समोरच्या लोरेन व्हॅन्डरमीरच्या ओसरीवर बसून रडत होती. जे माणूस ओसरीवर आहे ते हरवलेलं कसं?

यंदा पोशाख घरी शिवायचा. जगात एकच असेल असा. निश्चय पक्का.

४ ऑक्टोबर

कार्लाने अट घातली. माझीच मुलगी, माझ्याच घरात राहते, आणि मलाच अटी. म्हणाली, बाबा, यंदा शेवटची संधी. काही झालं तर पुढच्या वर्षीपासून विनीला ब्रेट नेईल.

ब्रेट म्हणजे तिचा होणारा नवरा. शाळेत कवायत शिकवतो. दात फार पांढरे. मला सरळ ‘ऑर्व्हिल’ म्हणून हाक मारतो. वसंतात लग्न आहे, मग मायलेकी जाणार नदीपलीकडे त्याच्याकडे. राहिली काय माझ्याकडे? ही एक संध्याकाळ. तीही याला देऊ? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

ब्रेटने एक घड्याळही आणलंय. मनगटावर बांधलं की पोर कुठे आहे ते फोनवर दिसतं म्हणे. मी त्याला तोंडावर विचारलं, पोर आहे का विमानतळावरची बॅग? घड्याळ कपाटात टाकून दिलं.

७ ऑक्टोबर

विनीला वटवाघूळ व्हायचंय. काळं. मी म्हटलं, बाळ, काळ्या रात्री काळं कापड? मोटारवाल्याला काय स्वप्न पडणार आहे? सगळा जन्म रस्ते खात्यात गेला माझा. रात्री दिसतं ते नारिंगी, आणि त्यावर चमकपट्टी. गॅरेजमध्ये खात्याच्या जुन्या नारिंगी जाकिटांची अख्खी पेटी पडलीय. एका जाकिटात एक वटवाघूळ आरामात बसेल.

विनी म्हणाली, आजोबा, नारिंगी वटवाघूळ नसतं. मी म्हटलं, म्हणूनच तर ओळखू येईल! उठून निघून गेली. पटलं असणार.

११ ऑक्टोबर

पोशाख तयार. एका बैठकीत. उगाच बायका शिवणकामाचा एवढा बाऊ करतात.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

पोशाख माझ्या पँटला शिवला गेला होता. उसवतोय.

१४ ऑक्टोबर

पुन्हा तयार. सुंदर बसला. कार्ला म्हणाली, बाबा, आत थंडीचा कोट जायचाय. हे आधी सांगायला काय झालं होतं? आयोवात ऑक्टोबरअखेर थंडी असते हे मला माहीत आहे, जन्म इथला आहे माझा. पण आठवण करून देणं हे घरातल्यांचं काम नाही का? आता पेटीतलं सगळ्यात मोठं जाकीट घेतलंय.

१६ ऑक्टोबर

काही सुधारणा केल्या. पंख पायात येतात, कापले. कानांची टोकं कुणाच्या डोळ्यात जातील, गोल केली. शेपूट हवी होती तिला, वटवाघळाला शेपूट असते म्हणे. दारात अडकली तर? रद्द. मुखवटा तर नाहीच. गळ्यात शिट्टी, पाठीवर चमकपट्ट्यांची फुली.

ब्रेट आला, बघून म्हणाला, अरे वा, रस्ता अडवायला ठेवतात तो नारिंगी शंकू! मनुष्य शाळेत शिकवतो, आणि वटवाघूळ ओळखता येत नाही. कीव आली. विनीने आरशात बघितलं, बराच वेळ. म्हणाली, बरं आहे. माझी नात आहे, फार उथळपणे नाचत नाही.

१८ ऑक्टोबर

आज दुपारी भोपळा कोरला. आतला तो बिया-धाग्यांचा लगदा कोपरापर्यंत. ओकारी यायची राहिली. चाकू निसटला, अंगठ्याला टाके पडले. मात्र यातून सिद्ध झालं की मुलांच्या हाती चाकू देऊ नये हा माझा नियम किती योग्य आहे. डॉक्टर हसत होता. त्याच्या वयाला शोभत नाही.

२० ऑक्टोबर

वाचनालयात माझा वर्ग झाला. ‘सुरक्षित मूल, घरचा पोशाख.’ गर्दी मध्यम. दोघं ऊब घ्यायला आले होते, पण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. एकाने डोळे मिटून.

मी नियम सांगितले. शिट्टी ऐकली की जिथे आहात तिथे थांबायचं. अनोळखी घरात पाऊल टाकायचं नाही. गोळ्या-चॉकलेटं घरी आणून मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम, आपल्या मोठ्या माणसाला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही. विनी पहिल्या बाकावर होती. तिने तो वहीत लिहून घेतला. पोरीत गुण आहेत.

वर्ग संपल्यावर लोरेन मागे थांबली. तिला पोशाख फार आवडला. म्हणाली, ऑर्व्हिल, आमच्या धाकट्या एमॉसलाही असंच एक हवं. आणि त्याच्या वर्गातल्या बाकीच्यांनाही. पालकांना कुणालाच शिवायला वेळ नाही, जाकिटं शिल्लक आहेत ना?

मी हो म्हटलं. डोळे भरून आले. हीच ती लोरेन, जी गेल्या वर्षी मला म्हणाली होती की तुम्हाला साधा कुत्राही सांभाळायला देऊ नये.

२४ ऑक्टोबर

जाकिटांची पेटी रिकामी. मुलं येतात, जाकीट घेतात, मी कापडाचे कान कापून देतो आणि शिट्टीचा नियम पाठ करून घेतो. गल्लीत जिकडे तिकडे माझीच वटवाघळं. रस्ते खात्याने आज हे बघायला हवं होतं!

विनी म्हणाली, आजोबा, मग त्यांच्यात मी कुठली ते तुम्हाला कसं कळणार? हसू आलं. म्हटलं, बाळ, आजोबा नातीला पोशाखावरून ओळखतो का? तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाली, बरं.

२७ ऑक्टोबर

तिच्यासाठी विनोद रचला. सगळ्या देशात पोरं एकतीस तारखेला नुसती पिशवी पुढे करतात आणि गोळ्या घेतात. निव्वळ लूट. आमच्या गावची ‘भिकाऱ्यांची रात्र’ असते तीस तारखेला, आणि इथे दारात विनोद सांगितल्याशिवाय हातावर काही पडत नाही. एवढी एकच चांगली रीत उरलीय.

माझा विनोद असा. वटवाघूळ रस्ता कसं ओलांडतं? दोन्हीकडे बघून. यात हसूही आहे आणि शिकवणही. विनीला ऐकवला. ती हसली नाही. म्हणाली, आजोबा, माझा विनोद तयार आहे. कुठला, ते सांगेना. वर अट, मी फुटपाथवरच थांबायचं, दारापर्यंत यायचं नाही. सगळ्या घरादाराला अटींचं व्यसन लागलंय.

ठीक आहे. दारात गेल्यावर माझाच सांगेल. दुसरा कुठून आणणार आहे?

३० ऑक्टोबर, सकाळ

ओला बर्फ पडतोय. ओंगळ हवा. कार्लाने विनीच्या तोंडाला मफलर गुंडाळायचं ठरवलंय. नुसते डोळे दिसतील. मी म्हटलं, ते मुखवट्यासारखंच झालं. तर म्हणाली, बाबा, न्यूमोनिया झाला तर तुम्ही जागणार का? मीही आत्तापासूनच नारिंगी जाकीट चढवलंय, खात्याची टोपी आणि गळ्यात शिट्टीसुद्धा. कामावर जाताना कार्ला दारात म्हणाली, बाबा, माझं एकच मूल आहे. हे काय सांगायचं असतं? जसं काही मी मोजलेलं नाही.

संध्याकाळी ६.२०

फुटपाथवर उभ्या उभ्या लिहितोय. पुढच्या पिढीला अशा नोंदी उपयोगी पडतील. उत्तम चाललंय. समोरून नारिंगी वटवाघळं घोळक्याने दारात जातात, खाली येतात, सगळी लखलखतात. एकही पोर गाडीखाली येणं शक्य नाही. लोरेनच्या ओसरीवर गर्दी आहे. विनी तिथे विनोद सांगतेय, मी ही ओळ पूर्ण करून तिचा हात धरतो.

६.४५

विनोद चालला! माझाच, यात शंका नाही. आम्ही पुढे आलोय, पण मागच्या ओसऱ्यांवर लोक अजून हसतायत. शिवाय माझ्याकडे बोट दाखवतायत. एका बाईने हात हलवला. मीही टोपी काढून प्रतिसाद दिला. विनीने रचनाकाराचं नाव सांगितलेलं दिसतं.

विनी आज फार शहाण्यासारखी वागतेय. हात सोडत नाही. बडबड नाही. एकदाच म्हणाली, मी एमॉस आहे. मी म्हटलं, विनोद दारात सांगायचे, रस्त्यात नाही.

७.१०

कोपऱ्यावरच्या घरातले म्हातारबाबा तर हसून हसून खांबाला धरून उभे. आमच्या मागून कुणीतरी पोर त्यांच्या दारात गेलं होतं, बहुतेक माझाच विनोद चोरून. असो. चांगली गोष्ट पसरावीच. विनीला भूक लागलीय म्हणे. चॉकलेट खाण्यासाठी मफलर खाली

रात्री ९

वरची ओळ पूर्ण करणार नाही.

मफलरखाली एमॉस होता. लोरेनचा एमॉस. पुढचा दात पडलेला. म्हणाला, मी केव्हाचं सांगतोय. म्हटलं, मग ओरडला का नाहीस? म्हणाला, मला वाटलं तुम्ही पोलीस आहात.

त्याचा हात घट्ट धरला आणि मागे पळालो. जो दिसेल तो नारिंगी. जो थांबवावा तो दुसराच. विनी म्हणून हाक मारली, तर वाऱ्यात माझं मलाच ऐकू येईना. मग जोरात शिट्टी फुंकली. शिकवल्याप्रमाणे अख्ख्या गल्लीतली वटवाघळं जागच्या जागी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. सगळी माझ्या हातची, सगळी सारखी. एकेकाचा मफलर खाली करून बघितला. ती नव्हती. कुणाच्या तरी कुंपणाला धरून उभा राहिलो. कार्ला दारात काय म्हणाली ते कानात घुमत होतं. एवढं पुरे.

मग माझ्या पाठीमागच्या ओसरीवरून आवाज आला. विनीचाच. ती विनोद सांगत होती.

एक आजोबा असतात, ते आपल्या नातीला विसरून भलत्याच मुलीला घरी नेतात आणि तिला चिली वाढतात. मग पुढच्या वर्षी ते शपथ घेतात की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, आणि तिला जगात एकच असेल असा पोशाख शिवतात. आणि मग तो सगळ्या गावाला वाटतात.

त्या घरची बाई विचारते, मग यंदा काय झालं गं?

विनी म्हणते, ते बघा की, समोर. एमॉसला घेऊन चाललेत.

त्या बाईला हसू आवरेना. तिने मूठभर चॉकलेटं दिली. विनी पायऱ्या उतरून आली, एका हाताने एमॉसला धरलं, दुसऱ्याने मला. मी विचारलं, तू होतीस कुठे? तर म्हणाली, तुमच्या मागे. लोरेनच्या घरापासून. नियम तुमचाच आहे ना, आपल्या मोठ्या माणसाला नजरेआड होऊ द्यायचं नाही?

म्हटलं, अगं, मग एक हाक मारायचीस. जीव गेला असता माझा.

म्हणाली, मारणारच होते. पण विनोद संपला असता, आजोबा. प्रत्येक घरात दुप्पट मिळत होतं.

वाटेत तिने माझी बोटं चोळली. फार थरथरत होती म्हणे. थंडीने.

३१ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. एकही मूल हरवलं नाही. एकही मूल गाडीखाली आलं नाही. पोशाख निर्दोष. एकूण मोहीम यशस्वी.

कार्लाला विनीने काही सांगितलं नव्हतं. पण सांगायची गरजच नव्हती. सकाळपासून अख्ख्या मोहल्ल्याचे फोन. लोरेन तर म्हणाली, एमॉसला पुढच्या वर्षीही तुमच्याबरोबरच यायचंय, फार मजा आली. ब्रेट नाश्त्याला आला, पांढरे दात घेऊन. हसला नाही, हे त्याने मुद्दाम केलं. मी काही खाल्लं नाही.

कार्ला रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, बाबा, विनीशी बोलले मी. पुढच्या वर्षीही तुम्हीच जाणार तिच्याबरोबर. ती ब्रेटला नको म्हणाली.

मी ब्रेटकडे बघितलं. अखेर जिंकलो.

मग विनी कपाट उघडून ते घड्याळ घेऊन आली. माझा हात पुढे घेतला आणि मनगटावर बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात जेमतेम बसला. ब्रेटने आपला फोन तिच्या हातात दिला. ती परसात गेली, तिथून ओरडली, आजोबा, तुम्ही स्वयंपाकघरात आहात!

होतो.

घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, एवढं मान्य करायला हवं.