तुमचा कॅमेरा आला

प्रिय अहो,

तुमचा कॅमेरा आला. वाशीच्या त्या दुकानातून फोन आला तेव्हा मी आपल्या स्टुडिओचं शटर वर करत होते. "काकी, बुकिंगच्या यादीत काकांचं नाव सगळ्यात वर आहे बरं का! रविवारी हॉटेलात डेमो ठेवलाय. काकांना घेऊनच या." तुम्ही गेलात हे त्याला माहीतच नव्हतं हो. मी सांगितलं. मग तो इतक्या वेळा सॉरी म्हणाला, की शेवटी मलाच त्याची समजूत काढावी लागली.

तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला होता, कॅमेरा येईपर्यंत आपल्या लेकीला, अशूला काही सांगायचं नाही. मी पाळला. आता कॅमेरा आला आणि मी तिला सांगून टाकलं. पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला नको? लग्न ठरल्यापासून आजवर तुम्हाला एक पत्र लिहिलं नाही मी. घरात असलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं!

किती वाट बघितलीत त्या कॅमेऱ्याची! सकाळी चहाचा कप हातात आला की दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये कुठला तरी गोरा मुलगा त्याच त्या अफवा सांगतोय. दिवाळीला येणार. नाही, नाही, उन्हाळ्यात येणार. मला एकदा ओट्यापाशी येऊन समजावलंत, "सुमन, हा फुलका म्हणजे आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर. आणि ती भाकरी आहे ना, ती नव्या कॅमेऱ्याचा, मीडियम फॉरमॅट." मी म्हटलं, भाकरी खाऊन घ्या आधी, निवतेय.

तेव्हा अशूला दिवस गेलेले होते. घरात दोनच तारखांची चर्चा, अशूची आणि कॅमेऱ्याची. अशू वेळेवर मोकळी झाली. कॅमेरा मात्र पुढे पुढेच जात राहिला.

मला वाटायचं, म्हातारपणी खेळणं हवंय ह्यांना. तरुणपणी तो छातीशी धरायचा रोलचा कॅमेरा होता तुमच्याकडे. त्यात मान खाली घालून बघायचात. आमच्या गावाकडच्या बायका मला म्हणायच्या, फोटोग्राफर आहे का लाजाळू नवरदेव! त्यातून निघायचा तो मोठा फोटो, तसा जीव असलेला फोटो पुन्हा काढायचाय, असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

मग एके दिवशी गेट पाससाठी फोटो काढायला न्हावा शेवा बंदरातले ड्रायव्हर आले होते. सुटे देताना तुमच्या हातातून नाणी काउंटरवर सांडली. तुम्ही हसलात. ते गेल्यावर हात मागे लपवलात. मी तो पुढे ओढून घेतला, तर तो माझ्या हातात थरथरत होता, पकडलेल्या चिमणीसारखा. आठवतं? "कधीपासून?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पंखा लाव जरा."

डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं. गोळ्या तुम्ही रोलच्या रिकाम्या डबीत ठेवायला लागलात, म्हणजे कोणाला संशय नको. आणि मग त्या कॅमेऱ्याचं खरं कारण मला कळलं. मोठा सेन्सर वगैरे राहू द्या. आत आरसा नाही, त्यामुळे तो वर उडताना बसतो तो झटका नाही. आणि आतला सेन्सर स्वतःच तरंगत राहतो. "हात हलला तरी फोटो हलत नाही गं," असं म्हणताना तुमचे डोळे कसे झाले होते! एवढ्या जड कॅमेऱ्यानेही स्टँडशिवाय, हातात धरून फोटो काढता यायला लागले, म्हणजे माझंही चालून जाईल, असं म्हणालात.

मी म्हटलं, स्टँड आहे की. "पासपोर्टला स्टँड. माणसाला हात," हा तुमचा हेका. कशाला एवढा ताठा, अहो?

ताठा होताच, पण भीती त्याहून मोठी होती. "फोटोग्राफरचा हात हलतो हे एकदा मार्केटमध्ये कळलं ना, तर संपलं. अशूला तर मुळीच नको. ती उद्याच दुकान बंद करायला लावेल. कॅमेरा येऊ दे. नातीचा फोटो काढतो, अशूच्या हातात ठेवतो, आणि मीच सांगतो." आपली सई तेव्हा कुशीवर वळायलाही शिकली नव्हती.

मग आपलं ते नाटक सुरू झालं. लग्नात, हळदीत मी तुमच्यामागे छत्रीवाला लाइट धरून उभी, आणि दुसऱ्या हाताने तुमचं कोपर धरलेलं. फ्लॅशमध्ये हललेलं दिसत नाही, निभावून जायचं. जासई गावच्या हळदीत ती नवरीची आजी काय ओरडली होती! "आगो बगा, हात सोडीत नाय! यांच्यापुरं आमची नवरा-नवरी फिकी हाय!" अख्खा मांडव हसला. तुम्ही लाजलात आणि मी तुमचं कोपर आणखी घट्ट धरलं, कारण त्या दिवशी फारच हलत होतं.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यातही तीन-चार जण तेच बोलले. काका-काकींचं प्रेम बघून आम्ही शिकलो, म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. अशू बाजूला बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा कडक होता. तो का कडक होता ते तिथे फक्त मला ठाऊक होतं.

सईच्या नामकरणाच्या दिवसाचा विषय काढला नसता तर बरं झालं असतं, पण काढावाच लागेल. तान्ह्या बाळावर फ्लॅश मारायचा नाही, हा तुमचा नियम. आपल्या कोपरखैरण्यातली किती पोरं तुम्ही अशी काढलीत, खिडकीच्या उजेडात, श्वास रोखून, हातात कॅमेरा धरून. आयांना सांगायचात, बाई, दमाने घे, उजेडाला यायला वेळ लागतो. त्या मंद उजेडात हात जरासुद्धा हलून चालत नाही. आणि नेमका नातीच्या वेळेला हात गेला.

तुम्ही तुर्भ्याच्या त्या ओळखीच्या फोटोग्राफरला बोलावलंत. बुद्धवंदना झाली, सईला पाळण्यात घातलं, आणि अशू सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, एक तरी तुम्ही काढा ना!" तुम्ही मागच्या खुर्चीत दोन्ही हात खिशात घालून बसला होतात. "आज मी फोटोग्राफर नाही, आज मी आजोबा," म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय छान बोलले काका! अशूने टाळी वाजवली नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी जमिनीवर पालथं पडून फोटो काढणारा बाप तिने लहानपणापासून पाहिला होता.

मोबाइलने तरी काढा, मी घरी आल्यावर म्हटलं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मी पुन्हा म्हटलं नाही.

त्यानंतर ती यायची, पण टेकायची नाही. डबा द्यायची, सईला तुमच्या मांडीवर पाच मिनिटं ठेवायची आणि निघायची. एकदा फोनवर तुम्हाला बोलली, "तुम्हाला नात झाल्याचा आनंदच नाही, बाबा." मी शेजारी बसून ऐकत होते. तुम्ही म्हणालात, "असं नसतं बाळा. थांब थोडी." आणि फोन ठेवून पुन्हा त्या गोऱ्या मुलाचा व्हिडिओ लावलात. म्हणे, आता नक्की. आता फार दिवस नाहीत.

तुमचेच फार दिवस नव्हते. छातीत दुखतंय म्हणालात आणि हॉस्पिटलच्या दारात रिक्षा पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. हातांनी नाही, काळजाने दगा दिला. ज्याच्याकडे आपण कधी लक्षच दिलं नाही.

तर रविवारी गेलो आम्ही. मी अशूला म्हटलं, बाबांनी नाव दिलं होतं, तू सोबत चल. ती नको नको म्हणत आली. हॉटेलचा हॉल भरलेला होता. लग्नाचे फोटोग्राफर, कॉलेजची मुलं, गळ्यात दोन-दोन कॅमेरे अडकवलेले साहेब लोक. मधे टेबलावर तो. काळा, चौकोनी, दिसायला तसा साधाच. मला उगाच वाटत होतं, काहीतरी दिपवणारं असेल.

कंपनीची एक मुलगी काळा टी-शर्ट घालून उभी होती. ती एकेकाच्या हातात कॅमेरा द्यायची आणि म्हणायची, "हाथ हिलाओ सर! डरो मत, जोर से हिलाओ!" आणि लोक हलवत होते. मोठमोठी माणसं हात थरथर हलवत होती, क्लिक करत होती, पडद्यावर फोटो बघून हसत होती. "अरे, एकदम शार्प!" "और हिला, और हिला!" एकाने तर म्हाताऱ्याची नक्कल केली, वाकून, मान डुलवत. सगळा हॉल हसला.

अहो, तुम्ही जे खिशात घालून बसलात, पंख्याखाली लपवलंत, डबीत ठेवलंत, ते ही माणसं मजा म्हणून करत होती! मी पडद्याकडे पाठ केली.

तेवढ्यात अशूची पाळी आली. तिला गंमत वाटत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होते. तिने कॅमेरा माझ्याकडे रोखला, हात जोरात थरथरवला आणि म्हणाली, "आई, बघ ना इकडे, हस की!"

मी म्हटलं, "अशू, बाबांचा हात असाच हलायचा."

तिचा हात थांबला. ती मुलगी मागून म्हणत होती, "और हिलाओ ना, मॅडम." अशूने कॅमेरा टेबलावर ठेवला. खूप जपून ठेवला.

बाहेर जिन्यात बसलो आम्ही. मी सगळं सांगितलं. नाणी, डॉक्टर, डबी, लाइटची छत्री. ती एकच विचारत राहिली, "म्हणजे नामकरणाला...?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा, "खिशात हात होते ते...?" हो गं बाई, हो. वर-खाली करणारे लोक आमच्याकडे बघत होते. ती रडली नाही. मला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल. ती भडकली.

"तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत? मला विचारायचं नाही, असं? मी दुकान बंद करायला लावलं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं? मी... आई, मीपण धरला असता ना कोपर! एका बाजूला तू, एका बाजूला मी. काढला असता आपण तिघांनी मिळून सईचा फोटो!"

ह्याचं उत्तर तुमच्याकडे आहे? तुमचा शब्द मी पाळला, आणि त्या शब्दापायी माझ्या लेकीने बापावर रुसून वर्ष काढलं. शेवटचं वर्ष. ते तिला कुठला कॅमेरा परत देणार आहे? तुम्हाला तिच्या हातात चांगला फोटो ठेवायचा होता. अहो, तिला फोटो नको होता, तुम्ही हवे होतात. हलणारे, सांडणारे, जसे होतात तसे. एवढं साधं तुम्हाला कळलं नाही, आणि मलाही तुमच्या नादाने कळलं नाही. मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मनापासून रागावले आहे, आणि रागावून झालं की तुम्हाला घरभर शोधते.

दुकानवाल्याला मी सांगितलं, काकांचं नाव काढून पुढच्या माणसाचं वर घे. तो म्हणाला, विचार करा काकी, असा कॅमेरा पुन्हा लवकर मिळत नाही. मी म्हटलं, वाट बघून झाली आमची.

दोन दिवसांनी, आज सकाळी अशूचा फोन आला. एवढंच म्हणाली, "आई, स्टुडिओतल्या त्या खिडकीत उजेड किती वाजता चांगला असतो?" मी म्हटलं, साडेआठला. तुम्हीच सांगायचात.

तर ऐका, मी शब्द देते. ह्या रविवारी सईला त्या खिडकीत बसवणार. फ्लॅश नाही, स्टँड नाही. तुमचाच तो घासून पांढरा झालेला कॅमेरा. आधी अशू काढेल, मग मी काढीन. मला धड धरताही येत नाही, आणि त्या पोरीकडे बघून माझा हात हलणार, हे मला आत्ताच माहीत आहे. फोटोत दोन सई येतील, नाहीतर धुकं येईल. त्यातला सगळ्यात जास्त हललेला फोटो मी मोठा करून घेणार आणि शोकेसमध्ये, नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध लावणार. मार्केट बघू दे. कोणी आत येऊन विचारलं, काकी, हा असा का, तर मी लपवणार नाही. सांगेन, ह्यांच्याकडून काढायचा राहिला होता, तो आम्ही काढला.

तुमचीच,
सुमन