आबांची कारवानी

६ जानेवारी २०२५, सोमवार

कुत्री जिवंत आहे! जुळे सोलापुरातून निघाले, मंगळवेढ्याला एसटी बदलली, गावात पोचले, तर पहिली दिसली ती पाखरी. दारात, लांब तोंड पायांवर ठेवून. आत आबा झाकलेले.

सकाळी तिला घेऊन सशामागे गेले असणार. साठी उलटली तरी माझ्या बापाचा नाद सुटला नाही. माळावर पडलेले मेंढक्या कोंडीबाला दिसले, त्यानं आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वेळेत आणलं असतं तर वाचले असते.

आणि ही मालकाला टाकून आधीच घरी. आई एकच सांगत बसते — "दारात येऊन बसलीवती. धापबी न्हवती लागली."

८ जानेवारी

आज पाखरीला लाथ मारली. केकाटलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं मला सहन होत नाही.

१० जानेवारी

भेटायला येणाऱ्यांनी ओटा भरला. बोलणं आबांचं कमी, कुत्रीचं जास्त. सगळ्यांत पुढे माझा चुलतभाऊ युवराज. चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. दिवाळीनंतर गावात पाऊल नाही टाकलं, आबांची शेवटची भेटही झाली नाही, असं येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

म्हणे ही साधी कुत्री नव्हे, कारवानी. पूर्वी घोडे-उंट घेऊन पार अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांचे तांडे यायचे, त्यांच्याबरोबर ही जात आली, म्हणून ते नाव. वासावर जात नाही, डोळ्यांनी शिकार हेरते. ससा उठला की सुटली. खोल छाती, पातळ पोट, देवानं पळण्यासाठीच घडवलेली. वर आणखी — "उपाशी मरंल, पण वळखीबिगर कुणाच्या हाताला लागायची न्हाय."

सगळे माना डोलावत होते. मेलेल्या माणसाच्या ओट्यावर! मी चहा ठेवला आणि आत आले.

तांडे परत गेले तेव्हा कुत्रीही घेऊन जायची होती.

१३ जानेवारी

केराआत्या म्हणाली, मुकं जनावर आहे, त्याला काय कळतंय. घरची वाट बरी कळली, असं तोंडावर आलं होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. आमच्याकडे नाही.

१६ जानेवारी

युवराजला पाखरी हवी आहे. जात टिकली पाहिजे म्हणतो. शिकारीला बंदी आहे, मग टिकवून करायचं काय? न्यायची तर ने म्हटलं.

आई चिडली. "त्येंच्या हातची हाय ती. दारातच ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, तिच्यामुळे आबा गेले. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. भाकरी समोर ठेवते आणि उठून जाते.

रविवारी गाडी आणतो म्हणाला. "मला वळखत न्हाय ती, अक्का. चावंल. तूच धरून चढव."

१८ जानेवारी

पाखरीनं काल काही खाल्लं नाही. आजही नाही. आबांची काठी टेकवलेली असते त्या भिंतीशी बसून आहे. नाटकं. उद्या जाईल एकदाची.

१९ जानेवारी, रविवार

युवराज पिकअप घेऊन आला. ओढायच्या तयारीनं मी साखळी सोडली. पाखरीनं गाडी पाहिली, हिसका देऊन पळाली आणि एका उडीत मागे चढली. कोपऱ्यातल्या पोत्यावर जाऊन बसली, जशी रोजची जागा. युवराज जवळ गेला तर त्याचा हात चाटला.

मी एवढंच विचारलं, "त्या दिवशी हिला घरी कुणी सोडलं?"

तो म्हणाला, "आबा म्हणले, छातीत दुखतंय, जरा बसतो. तेवढ्यात फॉरेस्टची गाडी दिसली, अक्का. कुत्री सापडली असती तर केस झाली असती की."

पाखरीला उतरवून घेतलं.

त्यानं कुत्रीला गाडीत घातलं. आबांना माळावर ठेवलं.