नायगावच्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवण्याआधी

मु. पो. चाकूर

आदरणीय व्याहीबुवा मडिवाळप्पा यांना चाकूरहून मन्मथचा शरणार्थ.

नांदेडला आपली, विहीणबाईंची आणि जावईबापूंची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. आमची राजकन्या आपल्या घरी सुखानं झोपत असेल (उशिरापर्यंत झोपत नसावी). आम्ही इकडे बरे आहोत असं लिहिणार होतो, पण खोटं लिहिलं की मला ठसका लागतो.

आपण फोनवर म्हणालात की रविवारी नायगावचं गिऱ्हाईक घेऊन गाडी न्यायला येतो. जरूर या. गाडी आपलीच. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांची गाडी दारात ठेवणं रीतीत बसत नाही, याची लाज मला रोज काच पुसताना वाटते. राजकन्येच्या आईला, शांतम्माला, आठवड्यातून दोनदा लातूरला रक्त धुवायला न्यावं लागतं म्हणून आपण ती दिलीत, हे उपकारच. पण गिऱ्हाइकासमोर आपली मान खाली जाऊ नये, म्हणून गाडीची खरी हालत आधीच कळवतो.

गाडी म्हातारी झाली आहे. चढावर धापा टाकते (मीही टाकतो, पण मला गिऱ्हाईक नाही). सर्व्हिसिंगला नेली तेव्हा लातूरच्या फिटरनं हवेची जाळी काढली, तर आतून मूठभर सोयाबीनचं भुसकट निघालं. "अप्पा, सोयाबीनची रास करायलात का हिच्यात?" असं त्यानं चारचौघांत विचारलं. इंजिन गार ठेवायचं हिरवं पाणी महाग वाटलं म्हणून मी बोअरचं पाणी ओतत होतो; त्यानं आतल्या नळ्यांना क्षार धरला. काळं ऑईल बदललं तेव्हा माझ्या जीवावर आलं, पण शांतम्मा म्हणाली, "तिचं वर्षातून एकदा बदलतेत, माझं आठवड्याला दोनदा. नशीबवान कोण, तुम्हीच सांगा."

आता ब्रेकचं सांगतो. (बसून वाचा.) बैलं विकून तीन वर्षं झाली, तरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हात शिवशिवतात. खांदमळणीला बैलांच्या खांद्यावर चोळायचं हळद-लोणी कालवलं आणि मग कळलं की गोठ्यात कोणी नाही. दारात उभी होती ती गाडी. तीही ओझं ओढतेच. पण तिचा खांदा कुठला? पुढच्या चाकात चकचकीत तबकडी दिसली, घासून घासून झिजलेली, अगदी जू घासतं तशी. दोन्हीकडच्या तबकड्या मी जीव लावून चोळल्या.

सकाळी शांतम्माला लातूरला न्यायचं होतं. अंगदनं (माझा पुतण्या, तोच चालवतो) फाटकापाशी ब्रेक दाबला आणि गाडी थेट शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत शिरली. सगळे ओरडले. शांतम्मानं डोळे उघडले आणि विचारलं, "आलं का लातूर?" फिटरनं चाकं खोलली, वास घेतला आणि म्हणाला, "हळद लागली, आता अक्षता कधी?"

अशी ही गाडी. गिऱ्हाइकाला काय दाखवणार? वर सर्व्हिसिंगच्या पुस्तकात छापलं आहे की दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. हे वाक्य वाचल्यापासून मला जेवण जात नाही. आमच्या घरात आधी काय होईल, हाच विचार येतो.

कळावे. विहीणबाईंना शरणार्थ.

आपला,
मन्मथ

ता. क. ठसका लागला म्हणून लिहितो. वर सांगितलेलं सगळं दुरुस्त झालं आहे. ब्रेक नवे आहेत. गाडी घड्याळासारखी चालते. गिऱ्हाइकाला हे सांगू नका.

पुन्हा ता. क. एसटीची पायरी शांतम्माला चढवत नाही, छोट्या गाडीत वाकता येत नाही. या गाडीचं सीट बरोबर तिच्या कमरेला येतं, नुसतं टेकायचं. घरी तिला रात्रभर डोळा लागत नाही. पण ही गाडी दारातून हलली की ती झोपते ते थेट लातूरला उठते. तिची झोप तेवढीच आहे. तेव्हा रविवारी अवश्य या, शेंगदाण्याच्या पोळ्या करतो, पण गिऱ्हाइकाला आणू नका. गाडी फार दिवस ठेवणार नाही. एक वर्ष म्हणा, किंवा शांतम्माला लागेल तोवर. जे आधी होईल ते.