आधीचा रकाना

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाचीचा परदेशातून वाकून नमस्कार. (इथे वाकलं की पाठ दुखतेय का विचारतात, म्हणून खोलीचं दार लावून केलाय.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस असं लिहिणार होते, पण तू निवृत्त मुख्याध्यापिका, तुला सांगणारी मी कोण? बाबांची चौकशी करत नाही. 'आमची मुलगी वर्षभर परदेशी शाळेत आहे' हे ऐकून घेणारी माणसं मिळताहेत तोवर त्यांना काही होत नाही. माझीही तब्येत बरी आहे, व्यक्तिमत्त्वाची मात्र फार खालावली आहे. इतकी, की येत्या पंधरा तारखेला समिती बसणार आणि मला ठेवायचं की वर्ष अर्धवट टाकून घरी पाठवायचं ते ठरवणार. आईबाबांना यातलं काही माहीत नाही. (घरी महिन्यातून एकच फोन करू देतात, जास्त केले तर विकास खुंटतो म्हणे. आणि त्या एका फोनवर बाबाच बोलतात.)

तर हे सगळं एका फॉर्मवरून झालंय. आम्हा परदेशी मुलांवर देखरेख करायला एक बाई आहेत, त्यांना आम्ही विकासबाई म्हणतो. दर महिन्याला त्या येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि मान तिरकी करून विचारतात, 'मग, काय वाढलं?' पहिल्या महिन्यात मी खरं ते सांगितलं, की बुटाचा नंबर. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. फॉर्मवर स्वावलंबन, विश्वासार्हता, पुढाकार अशी खाती आहेत, आणि प्रत्येकापुढे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने. 'नंतर'चे गुण विकासबाई आणि मी जिच्या घरी राहते ती बाई मिळून देतात.

ही बाई चष्म्यांच्या दुकानात काम करते, तिचा नवरा बस चालवतो आणि बोलायचं काम बाईवर सोपवून मोकळा होतो. दोघंही इतकी भली आहेत की नावं ठेवायला जागाच नाही, आणि मला त्याचाच राग येतो. शाळेला निघताना मी रोज जिन्यावरून ओरडायची, 'येते हं!' (अर्थात इथल्या भाषेत, शब्दाला शब्द लावून.) आपल्याकडे 'जाते' म्हटलं तर तूच उंबऱ्यातून मागे बोलावून 'येते म्हण' म्हणून दटावशील. पण बाईला वाटायचं, मुलगी येतेय. मी मागच्या दाराने शाळेत पोचलेली असायची आणि ही पुढच्या दारात माझा डबा हातात धरून उभी. तीन आठवडे ती दुकानात उशिरा पोचली, मालकाची बोलणी खाल्ली, आणि मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त फॉर्मवर लिहिलं, 'मुलगी सांगते एक आणि करते भलतंच.' विश्वासार्हता, दहापैकी तीन.

मग मी तिला बसवून समजावलं, की आमच्यात जाताना 'येते' म्हणतात. तिने शांतपणे विचारलं, 'मग कोण खरंच गेलं ते तुम्हाला कळतं कसं?' दुसऱ्या दिवशी मुकाट्याने 'जाते' म्हणून बाहेर पडले, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर एकटीच मराठीत 'येते' म्हणाले.

पुढाकाराची गत याहून वाईट. पोहण्याच्या सरांनी विचारलं, संघात येणार का. पाणी बर्फासारखं गार, म्हणून मी म्हटलं, 'बघते.' आता 'बघते' म्हणजे नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. सरांनी तलावाच्या काठावर माझ्यासाठी खुर्ची मांडली. इतक्या प्रेमाने मांडलेली खुर्ची नाकारणार कशी? गेले पाच आठवडे मी मंगळवार-शुक्रवार बसून बघतेय. मध्यंतरी माझ्या हातात घड्याळ दिलं आणि आता सगळ्यांच्या वेळा मीच मोजते. पुढाकार, चार. शेरा, 'निरीक्षणाची आवड.'

तरी एवढ्यावरून कुणी घरी पाठवत नाही. तीन आणि चार गुण बऱ्याच जणांना आहेत, पण त्यांचे 'आधी'चे एक आणि दोन आहेत, म्हणजे वाढ दिसते. 'आधी'चा रकाना घरच्यांनी भरायचा असतो. तो भरला तुझ्या भावजयीने. आणि आईला कुठलाही फॉर्म दिला की तिला वाटतं, स्थळ आलंय. स्वावलंबन दहा, विश्वासार्हता दहा, पुढाकार दहा, आणि खाली, 'मुलगी सर्वगुणसंपन्न असून गृहकृत्यदक्ष आहे.' (मला चहा येत नाही, तुला माहीत आहे.) त्यामुळे विकासबाईंनी माझा आलेख काढला तर तो सरळ उताराला लागलेला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'आमच्याकडे येऊन तू कमी झालीस.' बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

असो. बाकी इकडे सर्व ठीक. स्वतःची चादर स्वतः बदलते, भांडी घासते, रस्ता विचारते. तुझ्या गुडघ्यांना जपून राहा.

तुझी,
कमी झालेली भाची

ता. क. : 'आधी'चा रकाना दुरुस्त करता येतो, पण तिकडच्या शाळेतल्या कुणी जबाबदार माणसाने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं तरच. तुझा तो मुख्याध्यापिकेचा शिक्का कपाटात आहे ना? मी आधी किती घुमी, आळशी आणि बिनकामाची होते ते मनापासून लिही. तुला फार खोटं बोलावं लागणार नाही. मूळ कागदच लागतो, फोटो चालत नाही. पंधरापर्यंत तो पोचला नाही तर ही लोकं मला घरी पाठवतील.

आणखी एक : मी हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. तू मात्र साध्या टपालाने पाठव. चौकशी केली, साध्याला तीन आठवडे लागतात. म्हणजे तू लिहिलंस, मी मागितलं, बाबांना तोंड दाखवायला जागा राहिली, आणि कागद पोचला नाही तर त्यात कुणाचा दोष नाही.

शेवटचं : मला घरी यायचंय, आत्या. फोनवर बाबांचा आवाज इतका खुशीत असतो की त्यांना सांगवत नाही. आणि विकासबाईंना सांगायची सोय नाही. मनातलं इतकं स्पष्ट बोलले म्हणून त्या दहापैकी दहा देतील आणि मला ठेवून घेतील.