मी शांत आहे, मेंढ्याला विचारा

शनिवार, १३ जुलै

इंग्लंडातलं श्रॉपशर, आडगाव. आठवड्यासाठी भाड्याचं कॉटेज ताब्यात घेतलं. हवा स्वच्छ, गवत हिरवं, माणूस औषधालाही नाही. मला हेच हवं होतं.

ही वही डॉक्टर फेनिमोर यांनी दिली. राग आला की काही करण्याआधी लिहून काढा, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की मला राग येत नाही, लोक आणतात. तेही त्यांनी लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये शेजारच्या लायनेलने आमच्या दारात गाडी लावली. माझ्या हातात तेव्हा योगायोगाने क्रिकेटची बॅट होती. काच तशी जुनीच होती. पण माझ्या बायकोने, रोझलिंडने, ते मनात धरून ठेवलंय. आज गाडीतून उतरताना बजावलं, डेस्मंड, आठवडाभर कुणावरही हात उचलायचा नाही. उचललासच तर मनापासून सॉरी म्हणायचं. एवढंही जमलं नाही, तर मी घरी येणार नाही. व्हिटबीला मॉरीनकडे जाईन, आणि या वेळी कायमची.

मॉरीन तिची बहीण. तिच्या घरात मांजरंच मांजरं. रोझलिंडला मांजराने शिंका येतात. जातेय कुठे.

स्वयंपाकघराच्या दारावरची तुळई फार खाली आहे. आधी रोझलिंडचं डोकं आपटलं. ती तुळईला सॉरी म्हणाली. या देशाचं काय होणार ते इथेच कळतं. मग माझं आपटलं. शेकोटीतला लोखंडी गज घेऊन तुळईला दोन ठेवून दिल्या. लाकूड म्हणजे 'कुणी' नव्हे. पहिला दिवस उत्तम गेला.

रविवार, १४ जुलै

बागेत बसून अंडं खात होतो. मागच्या फाटकातून अर्ध्या चड्डीतली माणसं ओळीने आत आली, माझ्या टेबलाला वळसा घालून पुढच्या फाटकातून बाहेर गेली. प्रत्येक जण मॉर्निंग म्हणाला. एक म्हातारी थांबून म्हणाली, छान उकडलंय हं.

हा गावातला पायी भटकणाऱ्यांचा क्लब, आणि त्यांचा म्होरक्या कॉलिन थ्रिप. उंच, गळ्यात नकाशा अडकवलेला. मी विचारलं, ही बाग कुणाची वाटली तुम्हाला? म्हणाला, बाग तुमची, वाट सगळ्यांची. नकाशावर तुटक हिरवी रेघ दाखवली. रेघ माझ्या अंड्यावरून जात होती.

पलीकडच्या शेतात कॉटेजच्या मालकीणबाई मिसेस हॉडनेट राहतात. तक्रार घेऊन गेलो. म्हणाल्या, अहो, या वाटेने लोक मयत न्यायचे चर्चला. त्या मयतांनी कधी कुरकूर केली नाही, तुम्हाला काय धाड भरली?

परत आलो तर रोझलिंडने माझी आल्याची बिस्किटं त्या लोकांना वाटून टाकलेली.  एक खुर्ची जरा जोरात ठेवली, इतकंच.

सोमवार, १५ जुलै

संकल्प: माणसांपासून लांब राहायचं, निसर्गात मन रमवायचं. घडीची खुर्ची घेऊन मिसेस हॉडनेटच्या कुरणात गेलो. तिथे एक मेंढा होता. मी त्याच्याकडे पाठ करून डोंगर बघत बसलो.

शुद्धीवर आलो तेव्हा अंगाची आग करणाऱ्या झुडपात तोंडावर पडलो होतो. उठलो, खुर्ची उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. पुन्हा घातली. खुर्चीचे तुकडे झाले. मेंढ्याने तोंडातलं गवतसुद्धा टाकलं नाही. मग त्याने मला कुंपणापर्यंत पोचवलं.

रोझलिंड माझ्या अंगाला रानातली रुंद पानं चोळत बसली होती. आमच्यात हाच उपाय. बरं वाटलं. तिचा हात अजूनही फार हलका आहे. खुर्ची कशी मोडली, विचारलं. बसलो, म्हणालो. 

मेंढा म्हणजे जनावर. शिवाय मी हात उचलला नाही, खुर्ची उचलली.

मंगळवार, १६ जुलै

पुन्हा आले. थ्रिपने बुटाची नाडी बांधायला पाय माझ्या बाकावर ठेवला. बटर टोस्टपासून वीतभर अंतरावर.

डोक्यात तिडीक गेली. पण डॉक्टरांचं ऐकलं. काही केलं नाही, लिहिलं. फळीवर, रोझलिंडच्या लाल नेलपॉलिशने. सावधान, बैल मोकळा आहे, वाट बंद, शेजारच्या कुरणातून जावे. मेंढ्याबद्दलही लिहिणार होतो, पण नेलपॉलिश संपलं.

फळी मागच्या फाटकाच्या बाहेर लावली, फाटकाला तार गुंडाळली. मन हलकं झालं. लिहिण्यात खरंच ताकद आहे.

बुधवार, १७ जुलै

अंडं पूर्ण खाल्लं. पक्षी ऐकू आले. हीच ती शांतता.

मग कुरणातून किंकाळी ऐकू आली. माडीवर जाऊन खिडकीतून बघितलं. मेंढ्याने थ्रिपला उडवलं होतं. तो उठला, मेंढ्याने पुन्हा उडवलं. बाकीचे मेंढ्याला काठ्यांनी झोडत होते आणि दर काठीला त्याला सॉरी म्हणत होते. शेवटी मिसेस हॉडनेट बादली घेऊन धावल्या. मेंढ्याला तीन, थ्रिपला चुकून एक. थ्रिपचं खांद्याजवळचं हाड मोडलं. रोझलिंड चादर घेऊन पळाली.

वाईट वाटलं. पण नकाशा गळ्यात बांधून फिरणाऱ्या माणसाने पुढे बघून चालायला नको?

संध्याकाळी रोझलिंड नेलपॉलिश शोधत होती. मीही शोधू लागलो.

गुरुवार, १८ जुलै

तिने फळी बघितली. मला वाटलं, आरडाओरडा करेल. तर माझ्याशेजारी बाकावर बसली. म्हणाली, डेस्मंड, अजून वेळ गेली नाही. थ्रिप गावातच आहे. जा आणि सॉरी म्हण. एक शब्द आहे रे. मला नाही जायचं मॉरीनकडे.

तिचे डोळे भरले होते. मलाही कसंतरी झालं. गावापर्यंत गेलो. थ्रिपच्या दाराशी उभा राहिलो, घंटीवर बोट ठेवलं. आतून हसण्याचा आवाज आला. माझ्यावरच हसत असणार. परत आलो.

रोझलिंडला म्हणालो, मारलं मेंढ्याने. सॉरी मेंढ्याने म्हणावं.

ती आत जाऊन झोपली.

शुक्रवार, १९ जुलै

न्याहारीच्या वेळी फाटकाशी अख्खा क्लब जमा. पुढे थ्रिप, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यात पक्कड. म्हणाला, मिस्टर पार्जिटर, वाट अडवणं बेकायदा आहे, माफ करा हं. आणि तार कापली.

मी फाटक आतून दाबून धरलं. ती अंड्यावाली म्हातारी, बेरिल तिचं नाव, तिने फटीतून काठी घालून माझ्या नडगीवर हाणली. सॉरी, म्हणाली. पुन्हा हाणली. पुन्हा सॉरी.

फाटक बिजागरीसकट आत आलं. कुणाचा तरी थर्मास माझ्या कानशिलात बसला. टेबल उलटलं. मी बागेत चेंडू टोलवायचा, क्रोकेचा लाकडी हातोडा उचलला. एकाचा चष्मा गेला, एकाचा दात गेला, थ्रिपचा धड हात तेवढा वाचला, कारण तो खाली पडला. कोपर लागलं की सॉरी, गुद्दा मारला की सॉरी, बागेत नुसता सॉरीचा गजर चालला होता. मी सोडून सगळे म्हणत होते.

तेवढ्यात रोझलिंड सगळ्यांसाठी चहा घेऊन मधे आली. हातोडा मी मागे नेला होता, तो पुढे येतच होता. ट्रे उडाला, किटली फुटली. तिच्या हातात कपाचा नुसता कान राहिला आणि बोटातून रक्त वाहायला लागलं.

सगळं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते. तीही बघत होती, वाट बघत होती.

मी म्हणालो, मधे कशाला कडमडलीस?

तिने कपाचा कान गवतावर ठेवला. आत जाऊन बॅग घेऊन आली. बेरिलने तिच्या बोटाला रुमाल बांधला. मग ती त्या लोकांच्या रांगेत, त्याच वाटेने निघून गेली.

येईल. मांजरं आहेत तिकडे.

शनिवार, २० जुलै

आली नाही.

फळी उलटी केली. कोळशाने लिहिलं, वाट खुली आहे, चहा तयार आहे. टेबल सरळ केलं. घरातली सगळी अंडी उकडली. थ्रिप आला की त्याला काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं. रोझलिंडच्या कानावर जाईलच.

कुंपणापलीकडे टोप्या दिसल्या. टोप्या माझ्या फाटकापाशी आल्या, फळीपाशी थांबल्या आणि मेंढ्याच्या कुरणाकडे वळल्या. सगळ्यांत मागे रोझलिंडची पिवळी टोपी होती. मी हात वर केला. त्या लोकांनी घाईने पावलं उचलली.

मिसेस हॉडनेट किल्ली घ्यायला आल्या. म्हणाल्या, बाई रात्री बेरिलकडे होत्या. आता स्टेशनावर पोचवायला सगळे गेलेत, व्हिटबीची गाडी आहे. मी म्हटलं, तिला मांजराने शिंका येतात. म्हणाल्या, बेरिलने गोळ्या दिल्यात.

मी विचारलं, पण मेंढ्याच्या कुरणातून कशाला गेले? इथे वाट मोकळी होती.

त्या म्हणाल्या, मेंढा मारायच्या आधी डोकं खाली घालतो हो. कळतं तरी.

बॅग आणायला आत गेलो. स्वयंपाकघराच्या दारात तुळई कपाळावर बसली. गज हाताशीच होता.

सॉरी, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मनापासून निघालं. रोझलिंड हवी होती ऐकायला.

मिसेस हॉडनेटनी बाहेरून विचारलं, कुणाशी बोलताय? कुणाशी नाही, म्हणालो.